हात धरावा लागला तर?

मी समुपदेशन करते. दिवाळी सरली की पन्नाशी ओलांडलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मुलं ट्रेकला चल म्हणतायत. मनातून जायचंय, पण या वयात झेपेल का?" अलीकडे त्यात सांधण या चिंचोळ्या, खडकाळ दरीचं नाव वरचेवर ऐकू येतं. म्हणून एका ताईंची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते.

वय 57. लेकीने मैत्रिणींबरोबर एका दिवसाचा बेत आखलेला. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून दरीत उतरायचं, जिथून पुढे दोर लावावा लागतो तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. ताईंनी हृदयाची तपासणी केली होती, हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे तपासून होकार दिला होता, सिंहगड पायी चढून-उतरून झाला होता. रिपोर्टांची फाइलच त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"डॉक्टर हो म्हणतायत, सिंहगड होतोय. मग अडतंय कुठे?"

"तिथे मोठमोठे धोंडे आहेत म्हणे. बसून सरकत उतरावं लागलं तर?"

"लागेलच. पुढे?"

"पाण्यातून जाताना कुणाचा तरी हात धरावा लागेल."

"धराल. पुढे?"

बराच वेळ त्या फाइलची नाडी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या सासूबाईंत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उठवणं, न्हाणीघरापर्यंत नेणं, सगळं याच ताईंनी केलं. दुसऱ्याचा हात धरायचा म्हणजे परावलंबी व्हायचं, हे तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. दरीची धास्ती या गाठीतून येत होती.

इथे "छे, मुलींना तुमचं ओझं नाही वाटणार" असं म्हणणं सोपं होतं. मी मुद्दाम टाळलं.

"सासूबाईंना हात देताना तुम्हाला कधी ओझं वाटलं?"

"वाटलं. कधी कधी मनातल्या मनात चिडलेसुद्धा."

"तरी दिलात."

"दिला."

"मग या मुलींपैकी एखादी मनात चिडली, तर काय बिघडेल?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "वाईट वाटेल मला," त्या सावकाश म्हणाल्या, "पण दरी काही थांबणार नाही त्याने." आणि हसल्या.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. भीती खोटी आहे हे पटवण्याच्या मागे न लागता, ती खरी ठरली तरी सोसवेल का, हे आधी तपासायला मी तिथेच शिकले. 'सगळे समजून घेतील' या भरवशावर बांधलेला धीर पहिल्या सुस्काऱ्याला ढासळतो, हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की आता तो धीर मी कुणालाच देत नाही.

बाकीचं शरीराचं, आणि तेही नीट करायला हवं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. सराव चढण्याइतकाच उतरण्याचा करा, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि नंतर दुखतात ते त्यामुळेच. जमिनीवर बसून हाताचा टेकू न घेता उठता येतंय का, रोज बघा. पावसाळ्यात दरीत पाऊल टाकू नका. वर पाऊस झाला की त्या चिंचोळ्या घळीत पाणी अचानक वाढतं. थंडीतही सुरुवातीच्या डोहात गार पाणी असतं, कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, आणि तळाशी ऊन फारसं पोचत नाही. म्हणून कोरडे मोजे बरोबर ठेवा. साम्रदचा वाटाड्या घ्या. दरीत जाताना उतार असतो, परतताना तोच चढ, तेव्हा निम्म्याहून अधिक दम परतीसाठी राखा. कुठून मागे फिरायचं ते घरीच ठरवा आणि ग्रुपला सांगून टाका.

ताई जानेवारीत जाऊन आल्या. डोहात हात धरला. एका धोंड्यावरून बसून उतरताना मागे रांग खोळंबली आणि कुणीतरी सुस्कारा सोडलाच. "ऐकला मी," त्या म्हणाल्या, "आणि पुढचा पाय कुठे ठेवायचा ते बघत बसले."

आता त्यांना दरी पार करून खाली डेहणे गावात उतरायचंय. त्या वाटेवर दोरावरून उतरावं लागतं, म्हणून आधी जाणत्या गिर्यारोहकांच्या देखरेखीखाली तेवढाच सराव करा, असं मी सांगितलंय. तो सुरू झालाय.