आधी उधारी, मग साक्ष

प्रिय बेटा,
सप्रेम सलाम.

मंगळवारी तू उठून गेलास तेव्हा चहा तसाच राहिला होता. चाळीस व्यापाऱ्यांना तू हॉटेलात नाश्त्याला बोलावलंस. सगळे आले, प्रभूने तुझं आयुष्य कसं बदललं ही तुझी साक्ष ऐकली, कार्डं दिली; आता एकही फोन उचलत नाही. ‘माझ्या बोलण्यात काय कमी पडलं?’ हे तीनदा विचारलंस. बोलण्यात काहीच कमी नव्हतं. त्यातल्या किती जणांचं देणं तुझ्याकडे थकलंय, एवढंच मी विचारलं, तर तू मान खाली घातलीस.

आधी उधारी, मग साक्ष.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीत माझी एकतीस वर्षं गेली. एका दिवाळीला मी एका अडत्याला बायबलचा ‘नवा करार’ भेट दिला. त्याने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, गल्ल्याशेजारी ठेवलं. मग खातेवही उघडून माझ्या पानावर बोट ठेवलं. अठ्ठेचाळीस हजार, पाच महिन्यांचे. बोलला काहीच नाही. नखात हळद भरलेलं ते बोट मला अजून दिसतं. पैसे आठवड्यात फेडले, पण त्या पेढीवर प्रभूचं नाव घ्यायला माझी जीभ पुन्हा उचलली नाही. तो आता हयात नाही.

तू न्यूयॉर्कच्या त्या ख्रिस्ती प्रचारकाचा, लँफियरचा दाखला देतोस. २३ सप्टेंबर १८५७ ला त्याने व्यापाऱ्यांसाठी दुपारची प्रार्थना सुरू केली. अर्धा तास तो एकटाच होता, मग सहा जण आले. तिथे नाश्ता नव्हता रे! काम सोडून पाच मिनिटं आलं तरी चालायचं. पुढच्याच महिन्यात बँका कोसळल्या आणि देणी-घेणी मानेवर बसलेली माणसं तिथे गुडघे टेकायला लागली. आणि बायबलमधला तो जकातदार, जक्कय? प्रभू घरी आल्यावर तो आकडे बोलला: निम्मी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. आधी उधारी!

आणखी एक. तुझ्या पॅकिंगच्या बायकांना प्रभूच्या वचनाच्या पत्रिका वाटू नकोस. पगार देणाऱ्याच्या हातातलं कोण नाकारेल? त्या होकाराला काय अर्थ?

चर्चच्या मंडळीत मला थंड म्हणतात, मला ठाऊक आहे. प्रभूसाठी किती आत्मे जिंकलेस, असं तिथल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्या अडत्यानंतर हमाली, तोलाई चुकती केल्याशिवाय मी एका शनिवारी शटर ओढलं नाही. असं का करतोस, हे दोघांनी आपणहून विचारलं, त्यांना मी सगळं सांगितलं. दोघेच. तरी माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि तुलाही म्हणू देणार नाही.

पोरा, तुझ्यात आग आहे, म्हणून तर चिडतोय. पुढचा नाश्ता रद्द कर, त्या पैशांतून देणी फेड. शुक्रवारी खातेवही घेऊन ये, आपण यादी करू. बारदानवाल्याचं नाव वर लिही. तुझी साक्ष चालू असताना तो मागे माझ्याच शेजारी बसला होता.

तुझा,
काका