पुण्यातलं पहिलं वर्ष : गणपती ते दिवाळी काय काय बघशील

तू विचारलंयस की परभणीहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलीस, कर्वेनगरला राहतेस, गाडी नाही, पैसे बेताचे, तर सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत पुण्यात काय बघावं. मी याच शहरात शिकलो आणि इथलाच झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे तुला आधी गणपती सांगतील. मी आधी पुरुषोत्तम सांगेन. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात साधारण ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी सुरू होते आणि त्यातून निवडलेले नऊ संघ सप्टेंबरात अंतिम फेरी खेळतात. अंतिम फेरीचं तिकीट मिळवायला धडपड करावी लागते, म्हणून तू प्राथमिक फेरीलाच जा. तुझ्याच वयाची पोरं दोन-दोन महिने तालमी करून आलेली असतात. लेखन, नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळं त्यांचंच. पडदा उघडायच्या आधी ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशा आरोळ्यांनी नाट्यगृह दणाणून जातं. मग तिसरी घंटा होते, अंधार होतो आणि तेच पाचशे जण एकदम गप्प बसतात. ती शांतता मला आजही तितकीच आवडते. मी तीन वर्षं बॅकस्टेजला होतो. अंधारात लेव्हल (नेपथ्यातला लाकडी चौथरा) उचलताना पायाखाली आधीच्या संघाचा खिळा आला होता, त्याची खूण अजून आहे. रंगमंचावर मी एकदाही उभा राहिलो नाही, पण माझे आजचे सगळे जवळचे मित्र तिथलेच. तुमच्या कॉलेजचा संघ असेल तर आजच जाऊन भेट. अभिनय येत नसला तरी चालतं, सेट रंगवायला, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायला माणसं नेहमीच कमी पडतात. एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे 2022 मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला, पण एवढ्या पोटतिडकीने भांडावं अशी ही स्पर्धा आहे.

आता गणपती. यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत. चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला. मेट्रो नळ स्टॉपवरून पकड. मंडई स्टेशनवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्यापेक्षा महापालिकेला उतर, शिवाजी पूल ओलांड आणि शनिवारवाड्यावरून चालत कसब्यात ये. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती पहिल्या तीन-चार दिवसांत, सकाळी उरकून घे. गर्दी नसते आणि मूर्ती नीट बघता येते. आई तेव्हा येणार असेल तर ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर बायकांचं सामुदायिक अथर्वशीर्ष असतं, तिला तिथे नक्की ने. हजारो बायका उजाडायच्या आत रस्त्यावर बसलेल्या असतात. विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. तू सकाळी लक्ष्मी रोडला मानाचे गणपती आणि ढोल-ताशा पथकं बघ, कानात कापूस घाल आणि दुपारी परत फिर. रात्रीच्या स्पीकरच्या भिंतींपुढे पहिल्याच वर्षी एकटीने जाऊ नकोस.

नवरात्र 11 ऑक्टोबरपासून. चतुःशृंगीची जत्रा सेनापती बापट रोडवर भरते, एक संध्याकाळ पुरे. मला स्वतःला कोजागिरी जास्त प्रिय आहे. फ्लॅटच्या गच्चीवर गॅस नेऊन दूध आटवा, शेजारच्या काकूंना बोलवा, त्यानिमित्ताने सोसायटीत ओळखी होतात. पहिल्या वर्षी त्या फार उपयोगी पडतात.

मधल्या काळात जेव्हा काहीच नसेल तेव्हा शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर काय चाललंय ते बघत जा. छोटी जागा आहे, नट हाताच्या अंतरावर असतो.

लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. बऱ्याच मेस आठवडाभर बंद असतात, त्यामुळे गावी जाणार असशील तर एसटीचं आरक्षण सुरू झालं की लगेच कर. थांबणार असशील तर पहाटेच्या गाण्याच्या मैफली गावभर असतात, अनेक ठिकाणी मोफत. थंडी असते, शाल ने. आणि डबा लागला तर इथेच लिही, आमच्या घरी पाडव्याला नेहमी दोन-चार विद्यार्थी जेवायला असतात.