दात केशरी रंगवले तर चूक काय?

मागच्या अंकाच्या मधल्या पानावर बीव्हरचं, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणाऱ्या प्राण्याचं, रंगवायचं चित्र दिलं होतं. त्यावरून आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेते. बाकीच्यांनी रुसू नये. निम्म्याअधिक शंका दातांवरच येऊन अडल्या आहेत.

नमस्कार ताई. माझी मुलगी पहिलीत आहे. तिनं बीव्हरचे दात केशरी रंगवले. शाळेतून चित्र परत आलं ते दातांवर लाल गोल करून, खाली शेरा: 'दात पांढरे असतात.' मुलगी ऐकायलाच तयार नाही. कोणाचं खरं धरू? (एक आई, मनीषनगर)

मुलीचं. मोठ्या बीव्हरचे पुढचे चारही दात, वरचे दोन आणि खालचे दोन, चांगले गडद केशरी असतात. दाताच्या पुढच्या बाजूला जे टणक कवच असतं त्यात लोह असतं, रंग त्याचाच. लोहामुळे ते कवच आणखी कठीण होतं आणि आम्लालाही दाद देत नाही. मागची बाजू त्या मानाने मऊ. झाड कुरतडताना मऊ बाजू आधी झिजते, पुढची टिकून राहते, त्यामुळे दाताला धार लावावी लागत नाही, ती लागतच राहते. शिवाय हे दात जन्मभर वाढतात. कुरतडणं सोडून बीव्हरला बसताच येत नाही.

शाळेत भांडायला जाऊ नका. चित्राच्या बाजूला मुलीच्याच हातानं एक ओळ लिहून पाठवा, 'दातात लोह आहे म्हणून केशरी.' बाई वाचतील. घरच्या घरी खात्री करायची असेल तर पिंजऱ्यात घूस सापडेल तेव्हा लांबूनच तिचे दात बघा. पिवळे-केशरीच निघतील, कारण खानदान एकच, कुरतडणाऱ्यांचं. आणि नागपूरच्या पोरीनं संत्र्याचा रंग चुकीच्या जागी लावला, हे मला तसंही पटलं नसतं.

एक मात्र बघा. दाताची मागची बाजू दिसत असेल असं चित्र असलं तर ती फिकट ठेवायची. पहिलीच्या मुलीला हे सांगायची घाई नको, ती स्वतः विचारेल.

बाई, आपल्याकडे शेकरू आहे, साळिंदर आहे. मग कॅनडातला प्राणी पोरांच्या डोक्यात कशाला? आमचा नातू विचारून राहिला, 'आबा, हा कुठी राह्यते? गोरेवाड्यात आहे का?' काय सांगू त्याला? (एक आजोबा, महाल, मूळ साकोलीकडचे)

काका, गोरेवाड्यात वाघ, बिबट, अस्वल दाखवा. बीव्हर नाही. भारतातल्या कोणत्याच रानात तो नाही. जगात त्याच्या दोनच जाती, एक उत्तर अमेरिकेतली, दुसरी युरोप-आशियातली. फर आणि टोप्यांसाठी माणसानं दोन्हींची इतकी शिकार केली की युरोपातली जात थोडक्यात वाचली. आता तिला परत आणून सोडतात. स्कॉटलंडमध्ये 2009 साली सोडले. कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर 1937 पासून बीव्हर आहे, हे नातवाला जरूर सांगा. मुलांना नाणी फार आवडतात.

आता तुमच्या 'कशाला'चं. तुम्ही साकोलीकडचे, म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव तुम्हाला मी सांगायला नको. ओढ्याच्या वाटेत मातीची पाळ घालायची, पावसाचं धावतं पाणी थोपवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहील असं करायचं. कोहळी लोकांनी पिढ्यानपिढ्या हेच केलं. बीव्हर लाकूड, दगड आणि चिखल घेऊन ओढ्यावर तेच करतो, फक्त गावासाठी नाही, स्वतःच्या घरासाठी. त्याच्या बांधामागे पाणी तुंबतं, दलदल होते, बेडूक, मासे, बदकं येतात, जमिनीत पाणी मुरतं. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात त्यांचा एक बांध जवळजवळ 850 मीटर लांब आहे. तो दाट दलदलीत इतका आत आहे की 2007 साली उपग्रहाच्या चित्रांवरून ध्यानात आला. नातवाला नवेगावबांध तलावाच्या पाळीवर उभं करून हे सांगा, मग तो प्राणी परका वाटणार नाही.

उलटी बाजूही सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल की बाई नुसतं कौतुकच करतात. 1946 मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोमध्ये, फरच्या धंद्यासाठी कॅनडातून 20 बीव्हर नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारं कुणी नाही आणि तिथली झाडं तोडल्यावर पुन्हा फुटणारी नाहीत. रानंच्या रानं पाण्यात उभी वाळली. प्राणी तोच, जागा चुकली.

शेकरूचं म्हणणं मात्र मान्य. राज्यप्राणी आहे आपला, आणि तोही कुरतडणाऱ्यांतलाच. पुढच्या अंकात साळिंदर देते, त्याच्या पुढच्या अंकात शेकरू.

ताई, बीव्हर म्हणजेच पाणमांजर ना? (सदर, नागपूर)

नाही. पाणमांजर मासे खातं, आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात आहे, बांधबिंध घालत नाही. बीव्हर शुद्ध शाकाहारी. बाजारातल्या काही रंगवायच्या पुस्तकांत बीव्हरच्या हातात मासा दिलेला असतो. तसं पान दिसलं तर मुलांना मासा खोडून तिथे झाडाची फांदी काढायला सांगा. रंगवण्यापेक्षा खोडण्यात जास्त मजा येते त्यांना.

मी हिंगण्याकडे अंगणवाडीत आहे. पंचवीस लेकरं, खडूंचे तुकडे, आणि चित्राच्या झेरॉक्स काळपट निघतात. यात काय करून घेता येईल? (एक सेविका)

ताई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात बरं वाटलं, कारण तुमच्याकडे माती आणि अंगण आहे.

आधी चित्र. झेरॉक्सच्या नादी लागू नका. फळ्यावर मोठं चित्र तुम्ही काढा, लेकरांना कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर शेपटी तेवढी काढू द्या, लांबट गोल. घरून पुरणयंत्राची जाळी आणा. कागदाखाली ती जाळी ठेवायची आणि वरून काळा किंवा करडा खडू आडवा धरून घासायचा. जाळीची भोकं कागदावर उमटतात आणि शेपटीवरच्या खवल्यांसारखी नक्षी तयार होते. बीव्हरच्या शेपटीवर केस जवळजवळ नसतातच, असे खवले असतात. इथे तुकडा खडूच चांगला, पूर्ण खडू आडवा धरताना लेकरांच्या हातातून निसटतो. पुरणाची जाळी धुऊन नेली तर घरी कुणाला कळणारही नाही.

अंगाचा रंग तपकिरी, पण एकच नको. खाली फिकट तपकिरी भरून घ्या, वरून गडद खडूच्या बारीक रेघा डोक्याकडून शेपटीकडे. बीव्हरला केसांचे दोन थर असतात, आतला दाट आणि मऊ, वरचा राठ. आतल्या थरात पाणी शिरत नाही.

मग अंगणात. एक परात घ्या, एका बाजूला खाली विटेचा तुकडा लावून तिरपी करा. मधोमध पराटीच्या काड्या आडव्या-तिडव्या रचायला सांगा आणि वरून तांब्याभर पाणी सोडा. पाणी काड्यांतून सरळ निघून जाईल, लेकरं ओरडतील. ओरडू द्या. मग काळी माती कालवून काड्यांच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, थापायची. आता पाणी थांबेल, थोडं झिरपत राहील. खऱ्या बांधाचंही तसंच असतं, तो झिरपतो.

झिरपण्याचा आवाज ऐकायला लावा. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर बांध दुरुस्त करायला धावतो. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये प्राण्यांचे अभ्यासक लार्स विल्सन यांनी पाण्याचा आवाज नुसता स्पीकरवर लावला, तर पाणी नसतानाही बीव्हर तिथे बांधकाम करू लागले. लेकरांना सांगा, डोळे मिटा आणि पाणी कुठून पळून राहिलं ते बोटानं दाखवा.

चिखल शेपटीवर नेतो असं कुणी सांगितलं तर मानू नका. पुढच्या पंजांत धरून, छातीशी कवटाळून नेतो. शेपटी पोहताना वळायला, बसताना टेकायला, चरबी साठवायला, आणि धोका दिसला की पाण्यावर फाडकन आपटून घरच्यांना सावध करायला.

आजी, मी चौथीत आहे. माझे तीन प्रश्न. बीव्हर बांधातच राहतो का? तो लाकूड खातो का? आणि झाड त्याच्याच अंगावर पडलं तर? (कामठी)

बांधात राहत नाही. बांध वेगळा, घर वेगळं. घर म्हणजे तळ्यात किंवा काठावर काड्या-चिखलाचा मोठा ढिगारा, आत कोरडी खोली आणि दार पाण्याखाली. लांडग्याला ते दार सापडत नाही. बांध घालायचा तो यासाठीच, की पाणी खोल राहावं आणि दार उघडं पडू नये. थंडीत वरून बर्फ होतो तेव्हा तो झोपून राहत नाही. फांद्या आधीच पाण्याखाली रोवून ठेवलेल्या असतात, खालच्या दारानं निघायचं, एक ओढून आणायची.

लाकूड खात नाही. साल आणि सालीखालचा कोवळा थर खातो, पानं खातो, पाण्यातल्या वनस्पती खातो. उरलेलं लाकूड बांधकामाला. तो पाण्याखालीही कुरतडू शकतो, कारण त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात आणि पाणी तोंडात जात नाही. नाक-कान बंद होतात, डोळ्यांवर आरपार दिसणारी पापणी येते. श्वास पंधरा मिनिटांपर्यंत धरतो. तू धरून बघू नकोस.

तिसरा प्रश्न फार चांगला. हो, कधी कधी पडतं, आणि बीव्हर मरतातही. झाड कोणत्या बाजूला पडेल ते त्याला ठरवता येत नाही. कडकड ऐकू आली की तो पळतो, बहुतेक वेळा पाण्याकडे.

तू विचारलं नाहीस, पण वरून पडण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. 1948 साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात माणसांना नको झालेले 76 बीव्हर दूरच्या डोंगरात न्यायचे होते. रस्ता नव्हता. मग त्यांना लाकडी पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटनं सोडलं. पेटी जमिनीला टेकली की आपोआप उघडायची. पेट्या नीट उघडतात का हे बघायला जेरोनिमो नावाच्या एका बीव्हरला आधी बऱ्याचदा टाकून पाहिलं होतं. 76 पैकी एक मेला, बाकीच्यांनी खाली उतरून तिथेच घरं केली. याचं चित्र काढलंस तर पाठव, पॅराशूट हव्या त्या रंगाचं चालेल.