स्कॅन केलेल्या पुस्तकातल्या तळटिपा : कुठं ठेवायच्या, कशा ठेवायच्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. करवीर संस्थानाच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक स्कॅन होऊन तुमच्याकडं मुद्रितशोधनाला आलंय. शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या एका दृष्टिहीन मुलीला ते स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकायचंय. पानाखालच्या तळटिपा ओसीआरनं, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं, वाक्यांच्या मधेच आणून टाकल्यात. त्या काढाव्यात, प्रकरणाच्या शेवटी न्याव्यात की आहेत तिथंच राहू द्याव्यात, असं तुम्ही विचारलंय.

काढू तर अजिबात नका. इतिहासाच्या पुस्तकात लेखक कशाच्या आधारावर बोलतोय ते टिपेतच असतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांना ते वाचायला मिळणार आणि हिला नाही, असं होता कामा नये. तिलाही निबंधात संदर्भ द्यावे लागणार आहेत.

पण टिपेच्या मजकुराआधी वाक्यातल्या टीपक्रमांकाकडं बघा. खरं नुकसान तिथं होतं. समजा छापील ओळ अशी आहे : ‘२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या.’ यातल्या सालावर बारीक ३ आहे. स्कॅनमधून मजकूर निघाला की तो वरचा ३ खाली ओळीत उतरतो आणि १९०२३ होतं. स्क्रीन रीडर इमानेइतबारे ‘एकोणीस हजार तेवीस’ वाचतो. तो अंक वर चढवून ठेवला तरी भागत नाही, कारण वर चढवलेला अंक वेगळा सांगण्याची सोय बऱ्याच जणांनी चालू केलेली नसते आणि साध्या मजकुरात नेताना ती मांडणी निघूनच जाते. रोमन लिपीसोबतच्या अंकांना युनिकोडात अशी वेगळी छोटी चिन्हं तरी आहेत. देवनागरीत सामवेदाच्या स्वरखुणा सोडल्या तर तसं काही नाही. म्हणून सालानंतर एक जागा सोडा आणि चौकटी कंसात शब्दासकट लिहा : १९०२ [टीप ३]. नुसता [३] लिहून चालत नाही, कारण पुष्कळांच्या सेटिंगमध्ये कंस उच्चारलाच जात नाही. मग ऐकू येतं ‘एकोणीसशे दोन तीन’.

आता मजकूर कुठं ठेवायचा ते. ज्या परिच्छेदात टिपेची खूण आहे तो पूर्ण संपू द्या आणि त्याच्या खाली नव्या ओळीवर टीप लिहा. सुरुवातीला ‘टीप ३’ आणि शेवटी ‘टीप समाप्त’. हे शेवटचे दोन शब्द लोक आळसानं गाळतात आणि मग ऐकणाऱ्याला लेखकाचा मूळ मजकूर परत कुठं सुरू झाला ते कळत नाही. परिच्छेद पुढच्या पानावर गेला असेल तर टीपही त्याच्या मागोमाग पुढच्या पानावर जाऊ द्या, वाक्य मात्र तोडू नका. लांब टीप दोन पानांवर विभागलेली असते, ती जोडून एकत्र करा. मात्र ज्या संस्थेसाठी काम करताय तिचा स्वतःचा नियम असेल तर तोच पाळा. त्यांच्या संग्रहातल्या सगळ्या पुस्तकांत एकच पद्धत असणं वाचकाच्या सोयीचं असतं.

जुन्या मराठी पुस्तकांत टिपांचे आकडे दर पानावर पुन्हा एकपासून सुरू होतात, नाहीतर फुली आणि खंजिराच्या खुणा असतात. कागदावर ते चालून जातं. ऐकताना एका प्रकरणात दहा वेळा ‘टीप १’ येते. अशा वेळी प्रकरणापुरते सलग क्रमांक द्यायला माझी हरकत नसते. पण आधी पुस्तकभर शोधून बघा, लेखकानं कुठं ‘पृ. ४५ वरील टीप २ पाहा’ असं म्हटलंय का. म्हटलं असेल तर मूळ क्रमांक तसेच ठेवा आणि पानांचे आकडे जपा. पानांचे आकडे तर एरवीही जपायलाच हवेत.

क्रम कधीच बदलू नका. ‘तत्रैव’ म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलं पुस्तक. मधली एक टीप गळाली किंवा खालीवर झाली की तत्रैव भलत्याच ग्रंथाकडं बोट दाखवतं. हे नुसतं वाचून कुणाच्या लक्षातही येत नाही.

पोथ्यांच्या संशोधित आवृत्त्यांची गोष्ट वेगळी. तिथं एकेका ओवीला चार-पाच पाठभेद (वेगवेगळ्या हस्तलिखितांतले शब्दांचे फरक) असतात, प्रत्येक टीप एका शब्दाची. ते दर ओवीनंतर घातले तर ओवीचा ठेकाच हरवतो. तिथं पाठभेद अध्यायाच्या शेवटी, ओवीचा क्रमांक देऊन, एकत्र लावणं मला योग्य वाटतं. ओवी आधी ओवी म्हणून कानावर पडली पाहिजे.

टिपा बारीक टाइपात असल्यामुळं चुकाही तिथंच जास्त. १ आणि ९ ची अदलाबदल, गेलेला रफार, ‘पृ.’ चं ‘पु.’ असं बरंच सापडतं. टिपेतला प्रत्येक आकडा मूळ पानाच्या चित्राशी ताडून बघा, अंदाजानं दुरुस्त करू नका. इंग्रजी ग्रंथांची नावं ओसीआरनं मराठी समजून वाचली असतील तर तो सगळा गाळ असतो. तो पुसून चित्रावरून नव्यानं टाइप करा आणि तेवढ्या शब्दांची भाषा इंग्रजी ठरवून द्या. पुस्तक अजून तुमच्या हाताशी असेल आणि टिपा फारच फुटल्या असतील तर ती पानं ३०० ऐवजी ४०० डीपीआयनं पुन्हा स्कॅन करा. तासन्‌तास डोळेफोड करण्यापेक्षा ते बरं.

फाइल पुढं इपब (ई-पुस्तक) किंवा डेझी (दृष्टिहीन वाचकांसाठीचं ऐकायचं पुस्तक) होणार असेल तर संस्थेला विचारून वर्डच्या खऱ्या तळटिपा वापरा (कंट्रोल, अल्ट आणि एफ). हातानं कंस घालायची गरज राहत नाही. नीट रूपांतर झालं तर खुणेवरून टिपेकडं जाता येतं, परत येता येतं, आणि डेझीत टिपा नको असतील तर वगळून ऐकताही येतं. एखादं प्रकरण सलग ऐकायचं आणि दुसऱ्या वाचनाला टिपांसकट, असं तिला स्वतःला ठरवता येईल. हाताशी वेळ असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

पाठवण्याआधी वर्डच्या शोधात वाइल्डकार्ड (ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून लागोपाठ पाच देवनागरी अंक शोधा. मोठ्या रकमांत बहुधा स्वल्पविराम असतो, त्यामुळं हाती लागतील ती बहुतेक टिपेला चिकटलेली सालंच. मग फाइलमधल्या ‘टीप समाप्त’ मोजा आणि प्रत्येक प्रकरणातल्या शेवटच्या टिपेच्या क्रमांकांची बेरीज करून तिच्याशी जुळवा. क्रमांक पानागणिक ठेवले असतील तर हीच बेरीज पानागणिक करा. जुळलं नाही तर कुठंतरी एक टीप अजून परिच्छेदात अडकलेली आहे.