स्प्रिंग आधी की शॉकअप आधी?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. थार चार वर्षांची, 58,000 किलोमीटर झालेली. पावसाळ्यात माळशेजच्या बाजूला कच्च्या वाटांवर जायचं, म्हणून गाडी दोन इंच उचलायची आहे. गॅरेजवाल्याने उंच स्प्रिंगचे 58,000 आणि त्यांना जुळणाऱ्या लांब शॉकअपचे 92,000 सांगितले. मूळ मापाचे चार नवे शॉकअप घेतले तर मजुरीसकट 28,000. हाताशी 80,000 आहेत, घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 72,000 जातात. आता फक्त स्प्रिंग टाकू आणि शॉकअप पुढच्या वर्षी, की 14 टक्क्यांनी दीड लाखाचं पर्सनल लोन काढू?

माझं मत: दोन्ही नको.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, पण दाबली की उसळतेही. ती उसळी शॉकअप आवरतो. आतला पिस्टन तेलाला बारीक वाटांतून ढकलतो आणि हालचालीची उष्णता होते. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला चटका देतो. वर कडक, उंच स्प्रिंग आणि खाली थकलेला जुना शॉकअप असला, तर उसळी आवरली जात नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून आपटतो. चाकाने जमीन सोडली की ब्रेकही पकडत नाही. माळशेजच्या ओल्या वळणावर, मागे घरची माणसं बसलेली असताना, हा धोका पत्करू नका. 58,000 घालून गाडी आजच्यापेक्षा वाईट होईल.

कर्जाचं म्हणाल तर तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे 5,127 आणि व्याज साडेचौतीस हजार. तुमची सगळी शिल्लक जेमतेम महिनाभर पुरेल एवढी आहे. त्यावर हौसेचं कर्ज मी कुणालाच सुचवणार नाही.

रविवारी गाडीखाली वाकून बघा. शॉकअपच्या नळीवर तेलाने चिकटलेल्या धुळीचा काळा लेप आहे का? टायरवरून तळहात फिरवा. कुठे खोलगट, कुठे उंच लागतंय? तसं असेल तर शॉकअप गेलेत आणि टायरही अकाली झिजताहेत. मग 28,000 आत्ताच घाला, हा खर्च हौसेचा नाही. जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तेवढेच 5,127 दरमहा बाजूला टाका. सहा महिन्यांत खड्डा भरून निघेल. त्यानंतरही थांबू नका, निदान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. शॉकअप ठणठणीत निघाले तर 80,000 ला हातच लावू नका.

गाडी उचलायची ती नंतर, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच वेळी, रोखीने. त्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि ठाण्याच्या आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो. नवे शॉकअप बसवल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट जुळवणं, करून घ्यायला विसरू नका.