मायक्रोफोनसाठी एसआयपी थांबवू का?

मिरजेच्या एका माध्यमिक शिक्षकांचं पत्र आलंय. वय ४१, हातात येणारा पगार ५२,०००. घराचा हप्ता १७,५००, घरखर्च २४,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ५,०००. अडीअडचणीसाठी ७०,००० ची एफडी. त्यांच्याकडे झूम एच५ हा छोटा रेकॉर्डर आहे. त्यावर ते आपल्या ८१ वर्षांच्या गुरुजींच्या घरगुती बैठका आणि दर्ग्याच्या उरुसातलं गाणं टिपतात. आता वेगळे मायक्रोफोन घ्यायचेत. दोन कोटेशनं हातात आहेत: एक जर्मन जोडी १,४५,००० ची, दुसरी रोड कंपनीच्या एनटी५ माइकची जोडी ३८,००० ची. मन जर्मन जोडीवर बसलंय. ती क्रेडिट कार्डावर २४ हप्त्यांत घ्यायची आणि तेवढे दिवस एसआयपी बंद ठेवायची, असा विचार आहे. गेल्या वर्षी संस्थांना तीन कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करून दिल्याचे मिळून १०,५०० रुपये आले, म्हणून ते विचारतात, "पैसे वसूल होतील ना?"

सर, नमस्कार.

आधी हिशेब करू. १,४५,००० वर १५ टक्के व्याज धरलं तर २४ महिन्यांचा हप्ता ७,०३० च्या आसपास येतो. नुसतं व्याज २३,७०० होतं. कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ते चार हजार वेगळे. म्हणजे जोडी १,७३,००० ला पडली. तुम्हाला एका कार्यक्रमाचे ३,५०० मिळतात. वर्षाला तीन या वेगाने पन्नास कार्यक्रम व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील. वसूल होणार नाहीत. एसआयपी चालू ठेवून दर महिन्याला तुमच्या हातात उरतात ५,५००, आणि हप्ता त्याच्याही वरचा. कार्डाचा एक हप्ता चुकला की महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज सुरू होतं. एफडी तर दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही. तेव्हा जर्मन जोडी नको, कार्ड नको, एसआयपीला हात लावू नका.

पण ही नुसती हौस आहे, सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. ८१ वर्षांच्या गवयाच्या गळ्यातल्या बंदिशी राहाव्यात म्हणून कुणी धडपडत असेल, तर त्या पैशाकडे परतावा मागू नये. तो घरच्या बजेटमध्ये ताठ मानेने लिहावा, फक्त झेपेल तेवढाच.

माझ्या वडिलांनी एका वाड्यातल्या बैठकीची कॅसेट केली होती. माझ्याकडे ती अजून आहे. टेप पेटीवाल्याच्या शेजारी ठेवला होता आणि वर पंखा चालू होता. आज ती लावली की पेटीचा भाता फुसफुसतो, कपबश्या वाजतात, पंख्याची घरघर येते, आणि गाणाऱ्या बाई पलीकडच्या खोलीत बसल्यासारख्या लांब ऐकू येतात. तानपुरा तर जवळपास नाहीच. तिथे कितीही भारी माइक असता तरी त्याने पेटी आणि पंखाच टिपला असता. टेप चार हात पुढे सरकवला असता आणि पंखा बंद केला असता, तर बाई आज माझ्यासमोर गात असत्या. यात पैसा कुठेच आडवा आला नव्हता.

म्हणून तुमच्या पत्रात मला स्टँड दिसला नाही, ते खटकलं. रेकॉर्डर सतरंजीवर ठेवला की मांडी हलली, पेला ठेवला, सगळं आत जातं. एच५ वरचे दोन माइक घरगुती बैठकीला अजिबात टाकाऊ नाहीत. स्टँडवर, बसलेल्या गायकाच्या तोंडापेक्षा जरा वर, चार-पाच फुटांवर. गायक मध्ये, तबला आणि पेटी दोन बाजूंना. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत जोरकस तानेला आवाजाच्या पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. महाग माइकची स्वतःची खरखर १३ डेसिबल आणि स्वस्ताची १६, हा फरक कागदावर खरा आहे. पण रात्रीची शांत खोलीसुद्धा २५-३० डेसिबलची असते, त्यात तो बुडून जातो.

उरुसाची गोष्ट वेगळी. तिथे ध्वनिक्षेपक असतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरवर गवयाचा आवाज आधीच स्वच्छ आलेला असतो. त्याला विनंती करून तिथून दोन वायरी एच५ च्या खालच्या इनपुटना जोडा. मिक्सरचा सिग्नल जोरदार येतो, म्हणून एच५ मध्ये तो २० डेसिबल कमी करणारी सोय आहे, ती वापरा. वरच्या माइकांनी सभामंडप आणि दाद टिपा. चारही ट्रॅक एकाच वेळी घेता येतात. जमलं तर उरुसासाठी नव्या माइकची गरजच उरत नाही.

तर पैसे असे लावा. स्टँड, दोन चांगल्या एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकच्या) वायरी, कान बंद करणारा हेडफोन आणि दोन हार्डडिस्क, हे सगळं वीस हजारांच्या आत-बाहेर होईल. चार महिन्यांच्या शिलकीतून एकेक घ्या, स्टँड पहिला. दोन डिस्क यासाठी की २४ बिट ४८ किलोहर्ट्झ या दर्जाची एक तासाची स्टिरिओ फाइल साधारण एक जीबी होते, आणि एकाच डिस्कवर ठेवलेली बैठक डिस्क गेली की गेली. मार्चमध्ये महागाई भत्त्याचा ४०,००० फरक मिळणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यातले २०,००० एफडीत घाला, २०,००० माइकच्या नावाने बाजूला ठेवा. पुढच्या चार महिन्यांत त्यात दरमहा ४,५०० टाकले की ३८,००० ची जोडी रोखीने येते. तिला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे वायरीतूनच मिळणारी वीज लागते. एच५ ती देतो, पण पेन्सिल सेल भराभर संपतात, जास्तीचे सोबत ठेवा. पावसाळ्यात माइक सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, दमटपणाने असा कंडेन्सर माइक कुरकुरायला लागतो.

तोवर एक मोठी बैठक ठरली तर त्या दिवसापुरती जोडी भाड्याने आणा. घ्यायची तीच आणली तर पारखूनही होईल.

आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ने गाणाऱ्याचा त्याच्या गाण्यावर हक्क असतो, पन्नास वर्षांचा. स्वतः ऐकण्यासाठी किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट आहे. पण तुम्ही पैसे घेऊन संस्थांना फाइल देता, तेव्हा गुरुजींची आणि साथीदारांची एका पानाची लेखी संमती घ्या. गुरुजींना सही करणं जमतंय तोवरच घ्या.

मार्चची वाट खरेदीसाठी पाहा, मुद्रणासाठी नको. या रविवारी जाल तेव्हा रेकॉर्डर उंच स्टुलावर ठेवा, खाली घडी घातलेला टॉवेल, पंखा बंद. गुरुजी तानपुरा जुळवतात तिथपासून मुद्रण सुरू करा, आणि बंदिशीआधी ते जे बोलतात तेही राहू द्या.