बूस्ट कन्व्हर्टर २४ व्होल्टच्या वर नेला की कॉइल का चुरचुरते?

तुम्ही लिहिलंय की १२ व्होल्ट बॅटरीवर यूसी३८४३ (कॉइलचा करंट बघून स्विच बंद करणारा कंट्रोलर आयसी) लावून बूस्ट केलंय, म्हणजे व्होल्टेज चढवलंय, ५० किलोहर्ट्झवर, २० व्होल्टला शांत, २६ ला स्कोपवर एक पल्स जाड एक बारीक, आणि ३० ला कॉइल तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चुरचुरते, तीन आयसी बदलून झाले. चौथा आणू नका वो, आयसी चांगलाय.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोडला लूमवाल्यांची कार्डं रिपेअर करतो, अशाच आवाजापायी मी एकदा चांगली कॉइल दोनदा गुंडाळली, वार्निश पाजलं, आवाज तसाच.

दर सायकलला करंट लिमिटपर्यंत चढतो आणि स्विच बंद होतो. आता सुरुवातीला करंट जरासा चुकला तर ती चूक पुढच्या सायकलला उलट्या बाजूला जाते आणि किती पट होते ते ड्यूटीवर, म्हणजे सायकलचा किती टक्के वेळ स्विच ऑन असतो त्यावर ठरतं: ऑन टाइम भागिले ऑफ टाइम. २० व्होल्टला ड्यूटी ४० टक्के, म्हणजे ०.६७ पट, चूक आपोआप मरते. ३० ला ६० टक्के, दीडपट, १० मिलिअँपचे १५, मग २२, मग ३४, कुठेतरी क्लॉकलाच अडकेपर्यंत. आणि १२ चे २४ म्हणजे बरोब्बर ५० टक्के, बायफर्केशन, म्हणजे सर्किटचं वागणं बदलतं तो टप्पा, तिथंच आहे. जाड-बारीक पल्स म्हणजे पिरियड डबलिंग, पॅटर्न दर दोन सायकलला रिपीट होतो, म्हणून ५० चे २५ किलोहर्ट्झ, ते कानाला येत नाही. पुढे पॅटर्न रिपीटच होत नाही, तो केऑस, तो ऐकू येतो. १९२७ साली व्हॅन डेर पोल आणि व्हॅन डेर मार्क यांनी निऑन दिव्याच्या सर्किटला टेलिफोनचा रिसीव्हर लावला, तेव्हा फ्रीक्वेन्सी खाली उडी मारायच्या आधी असाच बेसूर आवाज आला होता, किती जुनी गोष्ट आहे बघा!

उपाय स्लोप कॉम्पेन्सेशन, म्हणजे करंटच्या सिग्नलमध्ये एक चढता रॅम्प मिसळायचा. पिन ४ चा (ऑसिलेटरचा) रॅम्प एका एनपीएन ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून घ्या (थेट घेतला तर फ्रीक्वेन्सी हलते) आणि रेझिस्टरमधून पिन ३ ला (करंट सेन्सला) मिसळा. रॅम्पचा उतार कॉइलच्या करंट उतरण्याच्या निम्मा तरी हवा.

आउटपुट २३ वर ठेवून सुटाल असं वाटेल, पण बॅटरी ११ वर उतरली की ड्यूटी ५२ टक्के, म्हणून टेस्ट ११ व्होल्टवरच करा.